पहिल्या रांगेतला माणूस काय म्हणाला

आप्पांना त्या हॉटेलात न्यायचं मी तीन महिने टाळलं. कधी त्यांचा गुडघा, कधी ऊन, कधी ऑफिसात साहेब यायचेत. मी खानापूरला तालुक्याच्या कचेरीत नोकरीला, त्यामुळं साहेब कुठल्याही दिवशी येऊ शकतात. पण आमच्या आप्पांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढणं डॉक्टरलाही जमायचं नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस रोज सकाळी बशीत चहा ओतत विचारायचा, "मग, कवा जायचं हॉलात?"

हॉल म्हणजे बेळगावातला जुना गाण्याचा हॉल. दगडी भिंती, वर लाकडी गॅलरी, आत शिरलं की थंडगार. कित्येक वर्षं तो कुलूप लावून पडला होता. मग कुणीतरी घेतला, पत्रे लावून झाकला, आणि दोन वर्षांनी पत्रे काढले तेव्हा आत मोठं हॉटेल. दारात फेटा बांधलेला दरवान, बाहेर बाहेरगावच्या गाड्या. त्यांनी पेपरात छापलं, की या हॉलात ज्यांनी गाणं म्हटलं किंवा ऐकलं त्यांनी यावं, आमच्या वहीत आपली आठवण लिहावी आणि चहा घ्यावा. आप्पांनी ते न्हाव्याच्या खुर्चीत बसून दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले.

"आपली गोष्ट लिवायची," म्हणाले. "तितंच घडली, तितंच लिवायची."

मी लगेच विषय बदलला. कारण ती गोष्ट खोटी आहे हे मला ठाऊक होतं, आणि त्यांना नव्हतं.

गोष्ट अशी. आमचं गाव जांबोटीच्या पुढं, रानात. मी अकरा वर्षांची असेन. गावच्या भजनात आप्पा टाळ धरायचे आणि मी त्यांच्या मांडीला टेकून म्हणायची. आवाज बरा होता. बरा काय, चांगला होता, आता कशाला लाजू. शाळेतल्या बाईंनी माझं नाव बेळगावच्या स्पर्धेला दिलं. जांबोटीपर्यंत आम्ही चालत आलो, तिथून बस, बसमध्ये मी दोनदा ओकले. तशाच हिरव्या फ्रॉकात मला हॉलाच्या स्टेजवर उभं केलं. समोर इतकी माणसं मी जत्रेतही बघितली नव्हती. पहिली ओळ म्हटली. दुसरीला घसा बंद. पेटीवाले सूर धरून बसलेत, आणि माझ्या तोंडातून वारासुद्धा येईना.

तेव्हा पहिल्या रांगेत बसलेला एक म्हातारा माणूस, जरीकाठी धोतर, मांडीवर काठी, माझ्याकडं बघून हात हलवत म्हणाला, "हाड, हाड."

आमच्याकडं हाड कुणाला म्हणतात ते सांगायला नको. कुत्रं चुलीपाशी आलं की म्हणतात. मी रडत आत पळाले. आणि आप्पा, जे एरवी पाटलाच्या पोरासमोरसुद्धा मान खाली घालून जायचे, ते मागच्या रांगेतून उठले, खुर्च्यांमधून वाट काढत पुढं गेले आणि त्या माणसाला त्यांनी गचांडीला धरून उभं केलं. "माज्या पोरीला कुत्रं समजतोस व्हय रं?" तो माणूस स्पर्धेचा परीक्षक होता. लोकांनी आम्हांला दंडाला धरून बाहेर काढलं. परत येताना बसमध्ये आप्पा एकच म्हणाले, "ह्या लोकांत तुजं गाणं नको. न्हाय म्हणजे न्हाय." त्या दिवसापासून मला त्यांनी भजनातसुद्धा बसू दिलं नाही.

ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. लग्नात, बारशात, दवाखान्याच्या बाकावर, जिथं दोन कान सापडतील तिथं ते ती सांगत आले. गचांडीला धरलं म्हणताना ते स्वतःची गचांडी धरून दाखवतात. लोक म्हणतात, बाप असावा तर असा. मी शेजारी बसलेली असते.

पुढं मला नोकरी लागली आणि कन्नडची परीक्षा द्यावी लागली. आमच्या घरात कन्नडला जागाच नव्हती. आप्पांनी सीमेच्या भांडणात लाठी खाल्लेली, त्यानंतर त्यांनी ती भाषा तोंडात घेतली नाही. बाजारात कन्नड बाई भाजी विकत असली तर ते बोटानं दाखवतात. मी मात्र तेविसाव्या वर्षी पहिलीच्या पोरासारखी ओळी गिरवत बसले. आणि एका संध्याकाळी धड्यात वाक्य आलं, हक्की हाडुत्तदे. मास्तरांनी अर्थ सांगितला, पक्षी गातो. मी विचारलं, मग एखाद्याला गा म्हणायचं तर? ते म्हणाले, हाडु. पण आमच्या धारवाडकडं शेवटचं उ गिळतात हो, नुसतं हाड म्हणतात. हाड, हाड. आणि त्यांनी तसाच हात हलवून दाखवला, तळवा पुढं करून, घाबरलेल्या पोराला धीर देतात तसा.

मी वही मिटून बाहेर गेले. खानापूर स्टेशनपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. लोंढ्याची गाडी येऊन गेली. तो म्हातारा मला गा म्हणत होता. एवढ्या माणसांत तो एकटाच मला गा म्हणत होता, आणि आम्ही त्याला गचांडीला धरलं.

घरी येऊन मी आप्पांना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता एकोणतीस वर्षं गेली. प्रत्येक वेळी ते गोष्ट सांगायला लागले की मी चुळबुळ करते, पदराशी खेळते, पाणी आणायला उठते. लोकांना वाटतं, विनयानं उठली.

तर शेवटी एका रविवारी दुपारी मी त्यांना बसनं बेळगावला आणि स्टँडवरून रिक्षानं घेऊन गेले. मी मनात सगळं ठरवलं होतं: लवकर जायचं, कोपऱ्यात बसायचं, चहा प्यायचा, वहीत मीच लिहायचं, आणि कुणी कन्नड माणूस जवळ यायच्या आत त्यांना उठवायचं. चष्मा त्यांचा मी मुद्दाम घरी ठेवला. हो, मुद्दाम. विचारलं तर म्हणणार होते, विसरले.

दरवानानं सलाम ठोकला. आप्पांनीही त्याला सलाम ठोकला. आत गेलो तर मला काही ओळखूच येईना. खुर्च्यांच्या रांगा होत्या तिथं सोफे. गॅलरीच्या खोल्या केलेल्या, दारांवर रागांची नावं, यमन, भूप, दुर्गा. एक गोरं जोडपं दुर्गेत सामान घालत होतं. तिकिटाच्या खिडकीत केक. आणि स्टेज तसंच, तेवढ्याच उंचीवर, पण त्यावर टेबलं मांडलेली आणि लोक काट्या-चमच्यानं इडली खातायत. मी एका सोफ्यावर बसले, उठले, दुसऱ्यावर बसले. तिथून दार दिसत नव्हतं म्हणून पुन्हा पहिल्यावर आले.

"बूड टेकव की गं एका जाग्याला," आप्पा म्हणाले. "मुंग्या चावाय लागल्यात का?"

चहा आला. सोबत आमचा बेळगावी गोड कुंदा, तोही चमचाभर, काळ्या दगडी पाटीवर. आप्पांनी पाटी उचलून मागून बघितली. "हिच्यावर आमी बाराखडी गिरवलीया," म्हणाले आणि एका घासात कुंदा संपवला. ते खुशीत होते. स्टेजकडं बोट दाखवून दोनदा म्हणाले, तितं, बग, तितं उबी हुतीस तू. इस्त्रीचा सदरा, टोपी, दाढी गुळगुळीत. हिंडणाऱ्या वेटरलासुद्धा ते हसून बघत होते. मला त्यांच्याकडं बघवेना.

मग ती मुलगी आली. काउंटरवरची, पंचविशीची, केस घट्ट बांधलेले, निळी साडी. नमस्कार करून तिनं विचारलं, "अज्जा, तुमी इथं गायला होतात काय?" बोलण्यावरून बैलहोंगल-गोकाककडची वाटली. मराठी चांगलं, पण हेल कन्नड. मी आप्पांच्या आधी म्हटलं, "वही द्या, आम्ही लिहून देतो, तुम्ही तुमचं काम करा." जरा तोडूनच म्हटलं. ती वही ठेवून गेली.

आप्पा सांगायला लागले आणि मी लिहायला. म्हणजे ते सांगत होते जांबोटीपासून, बसमधल्या ओकाऱ्या धरून. आणि मी लिहीत होते, 'लहानपणी या सभागृहात स्पर्धेसाठी आले होते. सभागृह फार भव्य होते. आपण त्याचे जतन केल्याबद्दल आनंद वाटतो.' ते थांबले की मी थांबायची, ते बोलले की पेन हलवायची, कागदाला न टेकवता नुसत्या रेघा गिरवायची. गचांडीला आले तेव्हा त्यांनी गचांडी धरून दाखवली आणि विचारलं, "लिवलंस?"

"लिहिलं."

"वाच बगू."

मी त्या तीन ओळींकडं बघत त्यांची गोष्ट म्हणून दाखवली. पाठच होती. अडखळलेसुद्धा नाही. ते डोळे मिटून ऐकत होते, मान डोलवत होते, आणि शेवटी म्हणाले, "झ्याक लिवलंस." मला स्वतःची शिसारी आली, पण त्याहून जास्त घाई होती. मी पिशवी उचलली, त्यांची काठी त्यांच्या हातात दिली. निम्मं काम झालं होतं. दार वीस पावलांवर होतं.

तेवढ्यात ती मुलगी परत आली, वही घेतली, आणि कौतुकानं मोठ्यानं वाचायला लागली. 'लहानपणी या सभागृहात स्पर्धेसाठी आले होते. सभागृह फार भव्य होते...' शाळेत हिंदी शिकलेली, लिपी तीच. तिला काय ठाऊक. आपल्या पाहुण्यानं लिहिलेलं वाचावं, तेवढंच तिला शिकवलेलं.

"हे न्हवं," आप्पा म्हणाले. "फुडचं वाच."

"एवढंच आहे, अज्जा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पिशवीची चेन लावली, काढली, लावली. काय सांगायचं होतं मला? जागा नव्हती म्हणायचं? वही अख्खी कोरी होती.

"बस हितं," त्यांनी त्या मुलीला सांगितलं. "मी सांगतो तुला." मी म्हटलं आप्पा, त्यांना कामं असतील. ते म्हणाले, "तू गप." आणि त्यांनी सगळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. आवाज चढवून, कारण आता त्यांना राग आला होता. शेजारच्या सोफ्यावरची माणसंही वळून ऐकायला लागली. मी मध्ये तीनदा तोंड उघडलं. उठून उभी राहिले. मुलगी आधी हसत ऐकत होती, मग गंभीर झाली, मग आप्पांनी हात हलवून "हाड, हाड" करून दाखवलं तेव्हा तिच्या भुवया वर गेल्या.

"अय्यो अज्जा," ती म्हणाली, "ते हाकलत नव्हते की हो. हाड म्हणजे गा. आमच्यात तसंच म्हणतात. माझी आई मला रोज म्हणायची, हाड, हाड. गा म्हणत होते ते."

ती हसली. चांगल्या मनानं हसली, एक गैरसमज सुटला म्हणून. शेजारच्या सोफ्यावरचेही हसले.

आप्पा हसले नाहीत. त्यांचा हात तसाच हवेत होता, तळवा पुढं. तो त्यांनी सावकाश खाली घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. मग ते माझ्याकडं वळले. मी काहीतरी आश्चर्य दाखवायला हवं होतं, अय्या, असं होय, असलं काहीतरी. ते मला सुचलंच नाही. माझा चेहरा त्यांनी बघितला आणि त्यांना कळलं.

"तुला ठावं हुतं."

"व्हय."

"कवापासनं?"

"कन्नडची परीक्षा दिली तेव्हापासनं."

ते हिशेब करत असावेत. ओठ हलले. मधल्या किती लग्नांत, किती बारशांत मी शेजारी बसले होते ते मोजत असावेत. मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं तिच्याच हातून काही वंगाळ झालं. ती वाकून म्हणाली, "तप्पात्री अज्जा, तप्पात्री."

"काय म्हणती ती?"

"चूक झाली म्हणते."

"तिची कसली चूक?" आप्पा म्हणाले. मग तिला विचारलं, "त्यो मानूस कुटं असतोय आता?" तिला काय ठाऊक असणार. तिचा जन्मही झाला नव्हता. तरी ती म्हणाली, बघते, जुन्या कुणाला विचारते. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तवाच साठीचा हुता." त्यांनी स्टेजकडं बघितलं. तिथं इडली खाणारा एकजण तोंड पुसत होता. मग त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "लिव. तुज्या भाषेत लिव. म्हातारा पोरीला गा म्हणत हुता, आनी म्या अडाण्यानं त्येच्या अंगावर हात टाकला. चूक झाली. कसं म्हणालीस ते?"

"तप्पात्री."

"तप्पात्री," ते म्हणाले. जड जिभेनं, एकेक अक्षर धरून. ज्या माणसानं भाजीवालीशीसुद्धा कधी कन्नड शब्द काढला नाही, त्या माणसानं. "ते लिव."

मी पेन पुढं केलं, मुलीला द्यायला. आप्पांना वाटलं मीच लिहायला घेतेय. "हिच्या हातात नगं," ते मुलीला म्हणाले. "तूच लिव."

तिनं कन्नडमध्ये पाचसहा ओळी लिहिल्या. आप्पांनी खाली सही केली, पण तिनं नेमकं काय लिहिलंय हे विचारलंसुद्धा नाही. तिच्यावर विश्वास टाकला. मी शेजारी उभी, आणि ओळ न् ओळ मला वाचता येत होती. बरोबर लिहिलं होतं तिनं.

रिक्षात आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. गोगटे सर्कल आलं, सिग्नल लागला. मला बसवेना. मी कधी बाहेर वाकायची, कधी त्यांच्याकडं. शेवटी मीच बोलायला लागले. म्हटलं, तुम्हांला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. तुमच्या आयुष्यात एवढीच एक गोष्ट होती, ती कशी काढून घेऊ? लोक तुम्हांला मानायचे त्या गोष्टीसाठी. मी बोलत गेले आणि माझंच मला पटेना.

सिग्नल सुटला.

"खोटं बोलतेय मी," मी म्हटलं. कसं तोंडातून आलं कोण जाणे. "आप्पा, मला राग होता. तुम्ही माझं गाणं बंद केलंत. त्या म्हाताऱ्यानं नाही, तुम्ही. मला भजनातसुद्धा बसू दिलं नाहीत. तुम्ही ती गोष्ट सांगायचात ना, प्रत्येक वेळी मी मनात म्हणायची, सांगा, सांगा अजून. सगळ्यांसमोर सांगा. तुम्ही चुकताय आणि मला एकटीलाच ते माहीत आहे, ह्याचं मला बरं वाटायचं."

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि मान वळवली. आप्पांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. डोकं घामानं ओलं झालं होतं. ते पुढच्या रस्त्याकडं बघत होते.

"मग," त्यांनी विचारलं, रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, "आता बरं वाटलं?"

"न्हाय," मी म्हटलं.